दोराचं कोरडं टोक

कापाला पोहता येत नव्हतं. समुद्राकाठी जन्मली, चव्वेचाळीस वर्षं समुद्रासमोर काढली, पण गुडघ्याच्या वर पाणी लागू दिलं नाही. आणि आमच्या शेलगुबा गावात बर्फाखाली उतरणाऱ्या माणसाचा जीव मात्र तिच्याच मुठीत असायचा. देवाला अशी चेष्टा करायची हौस आहे, दुसरं काय!

तिचं काम सांगायला सोपं आहे. नोव्हेंबरपासून मेपर्यंत आमचा श्वेतसमुद्र बर्फाखाली असतो. त्या बर्फाखाली आमची शिंपल्यांची शेती. लाकडी चौकटी, त्यांना लोंबणारे दोर, दोरांना झुबक्यांनी लागलेले शिंपले. बर्फ सरकला की चौकटी तिरक्या होतात, गाठी सुटतात. म्हणून दर पंधरवड्याला सावा, कापाचा धाकटा भाऊ, पाठीवर हवेची टाकी बांधून खाली जायचा. दोराचं एक टोक त्याच्या छातीच्या पट्ट्याला आणि दुसरं कापाच्या हातात. ती एक झटका देणार, म्हणजे ‘ठीक ना?’ तो एक झटका देणार, म्हणजे ‘ठीक.’ उत्तर आलं नाही तर ओढायचं. संपलं काम.

“त्यात काय! गाय धरल्यासारखंच की,” असं मी तरुणपणी एकदा म्हणालो होतो. मी येर्मा. टाक्या भरणं आणि रेग्युलेटरांची देखभाल माझ्याकडे होती. म्हणजे टाकीतली हवा बेताबेताने तोंडात सोडणारी ती यंत्रं सुटी करायची, पुसायची, पुन्हा जोडायची. अक्कल जरा जास्तच होती मला. कापाने दोर माझ्या हातात दिला.

“सांग, सावा काय करतोय?”

“मला काय ठाऊक? तो खाली आहे.”

“डावीकडे वळलाय. चिडलाय. हातमोज्यात पाणी शिरलंय बहुतेक.”

सावा वर आला, भोकाच्या काठावर बसला, आणि आईबापांचा उद्धार करत त्याने आधी डावा हातमोजा पिळला. त्या दिवसापासून मी गायीचं नाव काढलं नाही.

उतरण्याआधी ती बर्फावर झाडू मारायची. त्रिकोणी भोक पाडून झालं की भोकापासून चहूबाजूंना बर्फावरचं हिम सरळ रेषांत झाडत न्यायची, तीस-तीस पावलं. खालून बघितलं की झाडलेल्या जागी उजेड दिसतो, आणि सगळे उजेडाचे पट्टे भोकाकडे येतात. वाट चुकलेल्या माणसाने कुठलाही पट्टा धरावा आणि घरी यावं. सगळीकडे हे काम फावड्याने उरकतात. कापा मात्र फावड्यानंतर बर्चच्या फांद्यांचा झाडू घ्यायची आणि ईस्टरच्या आधी घर झाडावं तसा समुद्र झाडायची. जुनं भोक गोठून बंद झालं की त्यावर सुरूची एक फांदी रोवायची, म्हणजे नंतर कुणाचा पाय पडू नये. तेही तिनेच करायचं. दुसऱ्याने केलेलं तिला पटायचं नाही.

आई गेली तेव्हा सावा नऊ वर्षांचा होता, ही सतरा. जाताना आईने हिला एवढंच सांगितलं, “सावाला सोडू नकोस.” मरणाऱ्या माणसांचं बरं असतं. सांगून मोकळी होतात. सावा मोठा झाला, पाणबुड्या झाला, आणि पहिल्याच मोसमात म्हणाला, दोर धरायचा तर ताईने. तेव्हापासून चौदा वर्षं.

तिची मावसबहीण फाईना पेत्रोझावोद्स्कला नाटकगृहात कामाला होती. तिथे लोकांचे कोट सांभाळण्याच्या खोलीत एक जागा होती. फाईना दर वर्षी लिहायची, अजून तुझ्यासाठी थांबवून ठेवलीय. “बसून काम,” कापा बोटांवर मोजून सांगायची, “खोली गरम. आणि हात कोरडे.” तिची बोटं थंडीने अशी उलली होती की लोकरीचा धागा त्यांत अडकायचा. दर वसंतात ती म्हणायची, हा शेवटचा मोसम. दर शरदात सावा म्हणायचा, “दुसऱ्याच्या हाती मी उतरणार नाही. उपाशी मरेन.” मग गाव गोळा व्हायचं. कापा, तूच असं केलंस तर कसं व्हायचं? तुझ्यासारखा हात कुणाला आहे? आम्ही तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचो आणि खालून शिडी काढून घ्यायचो. मीही त्यांत होतो, खोटं कशाला सांगू.

त्या वर्षी मात्र तिने मार्चमध्येच तिकीट काढलं. मंगळवारची गाडी. बॅग भरून दाराशी ठेवली. सावा तिच्याशी बोलेनासा झाला. छत्तीस वर्षांचा बाप्या, पण रुसायला लागला की नऊ वर्षांचा.

सोमवारी तिच्या हाताखालचं शेवटचं उतरणं ठरलं, म्हणून शनिवारी मी टाक्या भरायला घेतल्या. थंडी उणे एकतीस. शेडमध्ये हवा भरायचं यंत्र सुरूच होईना, त्यातलं तेल मधासारखं घट्ट झालेलं. शनिवारी सगळ्या गावाच्या बान्या पेटलेल्या असतात, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाण्या. तेवढी ऊब दुसरीकडे कुठे मिळणार? मी यंत्र घसरगाडीवर घातलं आणि आमच्या सामाईक बान्याच्या बाहेरच्या खोलीत, कपडे बदलायच्या बाकाशेजारी, नेऊन ठेवलं. हवा ओढायची नळी बाहेर सोडायला हवी होती. पण खिडकी बर्फाने चिकटलेली. राहू दे म्हटलं, आत काय आणि बाहेर काय, हवा ती हवाच. हवेतलं पाणी धरून ठेवणारी गाळणीही जुनी झाली होती, नवी यायची होती. एका भराला काय होतंय!

आतल्या खोलीत बायकांची वेळ होती. दर दहा मिनिटांनी दार उघडायचं आणि वाफेचा लोट बाहेर यायचा. एकदा कापाच बाहेर आली, टॉवेल गुंडाळलेली, लालबुंद, अंगाला बर्चची पानं चिकटलेली.

“येर्मा, मेल्या! बायकांच्या आंघोळीला यंत्र घेऊन आलास? उद्या बकरी आणशील!”

“त्याला थंडी वाजते गं.”

“मग टोपी घाल त्याला.”

“दार लाव, कापा. वाफ येतेय.”

“माझं शेवटचं न्हाणं आहे हे. दार उघडं टाकीन नाहीतर चौकटीसकट उपटून नेईन. तू कोण सांगणारा?”

मी हसलो. वाफ येतेय हे मीच माझ्या तोंडाने बोललो होतो. तरी दोन्ही टाक्या भरल्या. एक सावासाठी, एक माझ्यासाठी. कारण एक माणूस खाली असला की दुसऱ्याने वर सगळा पेहराव चढवून तयार बसायचं असतं, त्याला काढायला जाण्यासाठी. ते काम माझं.

सोमवारी सकाळी ऊन होतं. कापाने पट्टे झाडले, नेहमीपेक्षा लांब. निघण्याआधी घडीभर गप्प बसायचं, ही आमची रीत. आम्ही घसरगाडीवर बसलो. सावा बसेना.

“मी कुठे प्रवासाला निघालोय? जी निघालीय तिने बसावं.”

“बस रे सावा,” मी म्हणालो.

“बुधवारपासून मी बर्फात खुंटी ठोकीन आणि दोर तिला बांधीन. खुंटी गाडी पकडून जात नाही.”

“बांध,” कापा म्हणाली. “तुला जेवढं कळतं तेवढंच खुंटीलाही कळतं. जमेल तुमचं.”

तो उतरला. नियम सगळे पाळले. पाण्याच्या वर रेग्युलेटरमधून श्वास घेतला नाही, कारण थंडीत तोंडाची वाफच आत गोठते. टाकी उलटी बांधलेली, झडपा कमरेशी, हाताला येतील अशा. रेग्युलेटर दोन, प्रत्येकाची झडप वेगळी. एक बिघडला तर दुसरा. त्या दिवशी आम्ही सगळं नीट केलं होतं, शनिवार सोडून.

नवव्या मिनिटाला तिने झटका दिला. उत्तर आलं. अकराव्या मिनिटाला तिसऱ्या पट्ट्याखाली, भोकापासून पंचवीस पावलांवर, बर्फाखालून पांढरं काहीतरी पसरायला लागलं. दूध उतू जावं तसं. आणि पायाखाली घरघर ऐकू आली.

“गायला लागला,” मी म्हणालो. रेग्युलेटर गोठला की आम्ही असं म्हणतो. दाबलेली हवा मोकळी होताना गार पडते, पाणी तर आधीच उणे दीड. हवेत ओल असली की आत बर्फाचा कण धरतो, झडप उघडीच राहते आणि हवा फुटक्या नळासारखी वाहू लागते. दोन-तीन मिनिटांत टाकी रिकामी. “घाबरू नकोस. ती झडप बंद करून तो दुसरा घेईल.”

घरघर थांबली. आम्ही दोघांनी श्वास सोडला. आणि पुन्हा घरघर सुरू झाली. दुसराही गोठला होता.

कापाने झटका दिला. उत्तर नाही. पुन्हा दिला. नाही. मग तिने ओढायला सुरुवात केली. दोन हात दोर आला आणि थांबला. ती मागे रेलली, टाचा बर्फात रुतवल्या. दोर हलेना.

“चौकटीच्या खांबाला वेढा पडलाय. आडवी ओढ लागतेय. येर्मा, जा.”

मी भोकाच्या काठावर पाय सोडून बसलेलोच होतो. मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर हातात. फक्त तोंडात घालून घसरायचं. आणि मी नाही गेलो. त्या क्षणी मला बान्याचं दार दिसलं. एकदम दोन रेग्युलेटर गोठत नाहीत. दोन गोठले, म्हणजे दोष त्यांचा नाही, हवेचा.

“जा ना, मुडद्या!”

“कापा, माझ्याही टाकीत तीच हवा आहे.”

“कसली तीच?”

“शनिवारची. बान्यातली. वाफेची.” माझे ओठ थंडीने नव्हे, भीतीने वळत नव्हते. “मीपण तिथे जाऊन गोठेन. मग दोघं अडकू.”

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, ते मी लहानपणापासून ऐकत आलो. त्या दिवशी मी आडाच्या काठावर प्रत्यक्ष बसलो होतो, आणि विहीरही मीच खणली होती. लाज वाटली, फार वाटली, पण लाजेने कुणाला श्वास मिळत नाही.

कापाने माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. दोर हातात तसाच ठेवून ती म्हणाली, “पट्ट्यावर जाऊन बघ.”

मी पाठीवरची टाकी टाकली आणि धावलो, त्या जाड पेहरावात जेवढं धावता येतं तेवढा. तिसऱ्या पट्ट्यावर पालथा पडलो. घरघर बंद झाली होती. बर्फाखाली पांढऱ्या हवेचे गोळे चिकटून राहिलेले, खाली काळं पाणी. मग एक बुडबुड्यांचा झुबका वर आला. थांबला. मी मोजलं. सात. पुन्हा एक झुबका.

“जिवंत आहे!” मी ओरडलो. “हाताने झडप फिरवतोय! उघडतो, एक श्वास घेतो, बंद करतो!”

दर श्वासाला झडप उघडायची आणि मिटायची. एक हात झडपेवर, दुसरा तोंडातलं धरून ठेवायला. दोराला लावायला हातच नव्हता. आणि जी काही हवा उरली असेल ती किती, हे मलाच सगळ्यांत जास्त माहीत होतं.

“फांदी!” कापा लांबून ओरडली. “तुझ्या उजव्या हाताला, सुरूची फांदी! मागच्या पंधरवड्याचं भोक!”

चार पावलांवर फांदी उभी होती. तिनेच रोवलेली. तिथला बर्फ नवा, जेमतेम वीतभर. मी साखळीची करवत आणली आणि घातली. बर्फाचा आणि पाण्याचा फवारा तोंडावर येऊन गोठत होता. तीन बाजू कापल्या, तुकडा पायाने खाली दाबून बर्फाखाली सारला. काळ्या पाण्यात ऊन उतरलं. हे त्याला खालून दिसणार होतं, दिसायलाच हवं होतं. पण दिसून काय उपयोग? छातीला दोर, दोराला खांबाचा वेढा, आणि वेढ्याच्या पलीकडे कापा ताणून उभी.

“झालं भोक?” तिने विचारलं.

“झालं! पण दोर—”

तिने दोर सोडला.

हे वाचणाऱ्याला काही वाटणार नाही. आमच्याकडे दोर धरणाऱ्याला शिंक आली तरी तो दोर सोडत नाही. धरणाऱ्याने सोडायचा नाही आणि खालच्याने काढायचा नाही, एवढ्या एका नियमावर सगळं उभं आहे. कापाने पायाशी उरलेली वेटोळी उचलली, शेवटच्या गाठीसकट भोकात टाकली, आणि रिकामे हात छातीशी घेऊन उभी राहिली. दोर पाण्यात गेला.

मी बुडबुडे मोजत होतो. सात. झुबका. सात. आठ. नऊ. दहा. तेरापर्यंत मोजलं आणि मग मोजवेना.

आणि मग नव्या भोकात आधी एक हातमोजा आला. मी त्याच्या छातीचा पट्टा धरून ओढलं. सावा बर्फावर पालथा पडला, ओठ फुटलेले, तोंडातून रक्त आणि पाणी. त्याच्या मागून लांबच लांब दोर बर्फावर येत राहिला, खांबाभोवतून सुटलेला, मोकळा. रेग्युलेटरवर बर्फ साखरेच्या खड्यासारखा चढला होता.

कापा आली नाही. जिथे होती तिथेच घसरगाडीवर बसली होती. श्वास लागल्यावर सावा उठला आणि तिच्यापर्यंत चालत गेला.

“ताई, दोर सोडलास.”

“सोडला.”

“दोर एकदम मेला छातीशी. वाटलं, ताई गेली. काहीतरी झालं वर. मग म्हटलं, आता आपलं आपणच बघायला पाहिजे.” तो लहान मुलासारखा रडत होता. “मग उजेड दिसला.”

“आधीच आपलं आपण बघितलं असतंस तर,” ती म्हणाली, आणि त्याच्या तोंडावरचं रक्त आपल्या मफलरने पुसलं.

मग माझी पाळी. मी समोर जाऊन उभा राहिलो, तिने एक ठेवून दिली. गोठलेल्या हातमोज्याची थप्पड अजून या गालाला आठवते. “माझ्या शेवटच्या न्हाण्याची वाफ,” ती म्हणाली, “माझ्याच भावाच्या तोंडात गोठवलीस. आजपासून हवेला हात लावायचा नाही. दोर तू धरायचास.”

मंगळवारच्या गाडीने ती गेली. सावा पोचवायला गेला, बॅग त्याने उचलली. मी गेलो नाही. मला दोराला गाठी मारायच्या होत्या.

याला आता अकरा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं मी शिक्षा म्हणून दोर धरला. तिसऱ्या वर्षी सावाच्या हातमोज्यात पाणी शिरलेलं मला वरून कळलं. मी ते आनंदाने सगळ्यांना सांगितलं. मूर्ख! माझ्याइतका मूर्ख साऱ्या किनाऱ्यावर नसेल. तेव्हापासून सावा म्हणतो, दुसऱ्याच्या हाती मी उतरणार नाही. माझी मुलगी मूर्मान्स्कला असते, ये म्हणते, नातवंडं बघ म्हणते. मी निघायचं नाव काढलं की गाव गोळा होतं. येर्मा, तुझ्यासारखा हात कुणाला आहे?

गेल्या हिवाळ्यात मी पेत्रोझावोद्स्कला गेलो. दुपारचा खेळ सुरू होता, कोटांच्या खोलीत कापा एकटीच. जाड झाली होती. हात गोरे, मऊ, बोटं भरून आलेली. तिने मला चहा दिला, माशाचं सारण भरलेली पोळी दिली, आणि माझा कोट घेऊन सगळ्या कोटांच्या रांगेत टांगला.

“सावाचं काय?”

“बरा आहे. तुझी आठवण काढतो.”

“खोटं बोलू नकोस. कशाला आलास?”

मी तळहात पुढे केले. दोराने कातडी जिथे जिथे सोलली होती तिथे तिने अंगठा फिरवला. ओळखीच्या घरातून फिरावं तसा.

“कापा, त्याला सांग ना. तुझं ऐकेल. दुसऱ्या कुणाला तरी धरू दे म्हणावं. मी थकलो गं. मला सोडव.”

ती हसली. पुष्कळ वेळ हसली. मग हसणं थांबलं आणि तिने माझे हात मिटून माझ्याच मांडीवर ठेवले.

“तिकीट काढलं तरी मला सोडवायला तुझी चूक लागली, येर्मा,” ती म्हणाली. “तू कुणाच्या चुकीची वाट बघतोयस?”

आत टाळ्या वाजल्या, खेळ संपला. लोक कोट मागायला आले आणि ती उठली. मी संध्याकाळच्या गाडीने परत निघालो. सोमवारी सावा उतरणार होता.